थोरल्या मुलाचा शिक्का

“नको. एक्याण्णवाव्या वर्षी आईच्या काळजात नळ्याबिळ्या घालायच्या नाहीत,” योशिताका कामिजो म्हणाला आणि त्याने नकाराचा कागद पुढे ओढला.

डॉक्टर निशिवाकीने नुसती मान हलवली. सकाळपासून दोघांच्या काळजात नळ्या घालून झाल्या होत्या. पाच तास क्ष-किरणांपासून वाचवणारा शिशाचा जड एप्रन अंगावर वागवून कंबर नुसती ठणकत होती. दोघंही रोगी पंच्याऐंशीच्या पुढचे. जपानात तोयामाच्या या बाजूला त्याखालचं माणूस आता दवाखान्यात दिसतं कुठे म्हणा!

तोयो आजी मुलाच्या शेजारी, मांडीवर कापडी बोचकं धरून बसली होती. तिचे ठोके मनाला येतील तसे पडायचे. अंगणाच्या टोकापर्यंत गेली तरी धाप लागायची. वर्षभरात तीनदा भरती करून झाली, औषधं बदलून झाली. उरला होता हा एकच उपाय, आणि या वयात तोही जिवावर बेतू शकत होता. हे सगळं डॉक्टरने मुलाला सांगितलं, आजीला नाही. आमच्याकडे रीतच तशी. दुखणं म्हातारीचं असलं तरी बोलायचं थोरल्या मुलाशी. म्हातारीने मान डोलवायची.

“नळी घालणार कुठून म्हणालात?” योशिताकाने विचारलं.

“जांघेतल्या शिरेतून. काळजातली जी जागा खोड्या करते, तिला आतून चटका द्यायचा. आयुष्य वाढेल असं मी म्हणत नाही. धाप कमी होईल. चार दिवस इथे राहावं लागेल.”

“चार दिवस? छे, छे!” त्याने टायची गाठ चाचपली. “आणि नळी घालणार कुठून?”

डॉक्टरने पुन्हा सांगितलं. थोड्या वेळाने तिसऱ्यांदा सांगितलं. एकोणसत्तर वर्षांचा हा गृहस्थ नगरपालिकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला, कडक इस्त्रीचा कोट, टाय सरळ. साहेबलोकांना एकच गोष्ट दहादा विचारायची खोड असतेच, असं म्हणून डॉक्टरने राग गिळला.

योशिताकाने खिशातून सहीऐवजी मारायचा नावाचा शिक्का काढला, त्यावर तोंडाची वाफ सोडली आणि कागदावर दाबला. डॉक्टरला हायसं वाटलं. चला, एक काम कमी झालं. मग हायसं वाटल्याची त्याला लाजही वाटली.

“नर्सबाई,” तोयो आजी पहिल्यांदाच बोलली, “याला जरा बाहेरच्या काचपेटीतले मासे दाखवता का? आवडतात त्याला.”

नर्सने दंडाला धरलं तसा योशिताका हसत हसत उठला आणि तिच्याबरोबर गेला. दार लागलं. आजीने खुर्ची पुढे सरकवली.

“हं, आता मला सांगा. धाप किती कमी होईल?”

“पण आजी, तुमच्या मुलाने आत्ताच शिक्का मारलाय.”

“मासे बघून होईपर्यंत विसरेल तो. दोन वर्षं झाली, असंच चाललंय. मी दवाखान्यात असले की त्याला वृद्धाश्रमात ठेवते. पन्नास माणसं होती हो त्याच्या हाताखाली! त्याच्यादेखत मीच बोलायला लागले तर चारचौघांत त्याचं काय राहिलं? म्हणून गप्प बसले. तो कागद फाडा आणि दुसरा, होकाराचा द्या, शिक्का माझ्याकडेही आहे.”

डॉक्टर ओशाळला. “माझ्या लक्षात यायला हवं होतं.”

“दमलायत तुम्ही. दिसतंय की.”

“आजी, स्पष्टच बोलतो. टेबलावरच काही बरंवाईट झालं तर?”

“चार दिवस त्याला वृद्धाश्रमातच ठेवणार आहे. मी परत आलेच नाही, तर पुढचंही त्यांच्याशी बोलून ठेवलंय. मी घरी आले तरच तो घरी येईल.”

“मग आहे तसंच चालू द्या ना. औषधांवर काही महिने जातील. एवढा धोका कशाला पत्करायचा? इतकी जगायची हौस आहे?”

“हौस कसली! कंटाळा आलाय मला.” आजीने हात तोंडावर धरला. “रोज दुपारचा चहा झाला की तो कचेरीला निघतो. दाराला कडी घातली तर पोरासारखा रडतो. मागच्या महिन्यात वाकून रेल्वेच्या फाटकाखालून रुळांवर गेला. गाडीची घंटा वाजत होती. आणि मी मागे रस्त्यात बसलेली. हाक मारायलासुद्धा दम नव्हता. एका पोस्टमनने त्याला ओढून काढला.”

डॉक्टरने तो शिक्क्याचा कागद उचलला आणि फाडला.

“फाटक घरापासून दोनशे पावलांवर आहे, डॉक्टर,” आजी म्हणाली. “तेवढं धावता येईल असं करा.”