हाकेच्या अंतरावर

शिडाच्या बोटीतून लांबच्या सफरीला निघायचं, म्हणून दोघं नवरा-बायको दुकानात आले होते. त्याने सगळ्यात महागडा सॅटेलाइट फोन उचलला. "भर समुद्रातूनही लेकीशी बोलता येईल," तो खुशीत म्हणाला. तिने जॅकेटला अडकवायचे, पाण्यातही चालणारे दोन छोटे वॉकीटॉकी पुढे केले. "आणि हे? एक तुला, एक मला."

तो हसला. "अगं, चार पावलांची बोट आपली. आपण दोघं कायम हाकेच्या अंतरावर. त्याला कशाला हवंय यंत्र?"

किनारा दिसेनासा होऊन बरेच दिवस झाले होते. सकाळी चहाचे कप घेऊन ती केबिनमधून वर आली. शिडं वाऱ्याने टम्म फुगली होती, सुकाणू आपोआप वळत होतं, बोट सुसाट चालली होती. डेकवर कोणीच नव्हतं. तिने हाक मारली. मग घसा बसेपर्यंत मारत राहिली. मागे नुसत्या लाटा.

खाली फोन वाजला. धडपडत जाऊन तिने तो उचलला, कसंबसं "हॅलो" म्हणाली.

 

"आई, काय भारी फोन आहे गं, तुझा श्वाससुद्धा ऐकू येतोय. बाबाला दे ना जरा."