वरचे एकशे तीस

"पन्नास!" शिवाप्पानं काउंटरवर थाप मारली. "हर्ट्झ म्हणजे पन्नास. एकशेऐंशी हर्ट्झ असतंच न्हाई. जळंल."

परभणीच्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानात इतकं ठामपणे कुणी बोललं नव्हतं. पण शिवाप्पा झरी गावचा, चाळीस वर्षं पाण्याच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून देणारा. त्यानं भरलेली मोटार विहीर आटली तरी फिरत राहते, मालकानं हात जोडल्यावरच थांबते, असं सांगतात. सांगणारा बहुतेक वेळा शिवाप्पाच असतो. आणि मोटारीच्या पाटीवर हर्ट्झ पन्नासच असतात, हे मात्र खरं.

नात महेश्वरी कपाळाला हात लावून उभी. बक्षिसात मिळालेला एकशेऐंशीचा मॉनिटर आणि घरचा सीपीयू ती रिक्षात घालून घेऊन आली होती. आतल्या, चित्रं तयार करणाऱ्या जुन्या ग्राफिक्स कार्डावर गेम अडखळायचा, तिची गोळी उशिरा सुटायची. रविवारच्या सामन्याआधी कार्ड बदललं नाही तर टीम तिच्या जागी दुसऱ्याला घेणार होती. आणि आबांनी हो म्हटल्याशिवाय त्यांच्या घरात विजेचं काहीच शिरत नसे.

"आबा, ते विजेचं न्हाई. पडदा एका सेकंदात एकशेऐंशी वेळा चित्र बदलतो."

शिवाप्पानं मॉनिटर फिरवून मागची चिठ्ठी वाचली. "हे बघ. पन्नास! आत पन्नास जायलेत, तर वरचे एकशे तीस कोण द्यायलंय? तुझा बाप?"

"कार्ड देतंय!" ती वैतागून म्हणाली.

शिवाप्पानं मान डोलावली. हे त्याला पटण्यासारखं होतं.

"मग पुरं देणारं दाखवा."

दुकानदार परमेश्वरनं एका कार्डाचं खोकं पुढं ठेवलं. "हे सेकंदाला नव्वद चित्रं देतं, मामा."

"म्हणजे अर्धा पडदा उपाशी. उचला."

मग आलं तीन पंख्यांचं, विटेएवढं, रंगीत दिव्यांचं. "तीनशे!"

"पडदा एकशेऐंशीचा. वरचे कुठं जायलेत?"

"वाया," परमेश्वर लय हळू म्हणाला.

"हे एखाद्या देवळाला द्या. दिवे तरी लागतील."

तिसरं साधं, काळं, दोन पंख्यांचं. "ताईच्या गेमला एकशेनव्वद."

"दहा वाया?"

"दहा वाया."

"तेवढे वायरीत जातातच. बसवा."

परमेश्वरनं कार्ड बसवून गेम चालू केला. पडद्यावर माणसं पळायला लागली. शिवाप्पा वाकून वाकून बघत राहिला. त्याला काडीचा फरक दिसला नाही. पण दुकानातली चार माणसं आता त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"वा! लोण्यावाणी," तो म्हणाला. "पहिलं कसं दचके खायचं."

"आबा," महेश्वरी हळूच म्हणाली, "पडदा आजून साठवरच हाय. वाढवलंच न्हाई मी."

परमेश्वरला खोकला आला.

"तेच म्हणायलो! साठाला एवढं, तर एकशेऐंशीला किती!"

तिनं वाढवलं. सगळे पडद्याकडं सरकले. शिवाप्पानं चष्मा काढून खिशात घातला, खाली बसला आणि सीपीयूला कान लावला. आत पंख्यांचा सूर चढत होता.

"हां," तो डोळे मिटून म्हणाला. "आता घेतला लोड."