तळहातावरचा उंदीर
आई गेल्यापासून बाबा खोलीबाहेर फारसे पडत नव्हते, तिचं नावही काढत नव्हते. एके दिवशी संशोधक लेकीने त्यांना हट्टाने आपल्या प्रयोगशाळेत नेलं. तिथे औषध देऊन निजवलेला उंदीर होता. अंग थंडगार, श्वास जेमतेम चालू. तिने तो अलगद त्यांच्या तळहातावर ठेवला. “मेलाय का गं?” त्यांनी विचारलं. “नाही बाबा. शरीर मंदावलंय, तशी बरीचशी जनुकंही गप्प झालीत. काही मात्र नेहमीपेक्षा जास्त राबतायत.” “कुठली?” “हृदय सांभाळणारी. पुन्हा जागं व्हायची तयारी करणारी.” बाबांनी दुसरा हात त्याच्यावर धरला. बऱ्याच वेळाने उंदराच्या मिशा हलल्या. “तुझी आई असती तर खुर्चीवर चढली असती,” बाबा म्हणाले आणि हसले. आईबद्दल ऐकायला लेकही आसुसली होती. “आणि मग?” तिने हळूच विचारलं.