फिकट बलक

बुधीने उकडलेलं अंडं दोऱ्याने मधोमध कापलं. आतला बलक साधा, फिकट पिवळा होता. तिच्या पाच वर्षांच्या मुलीच्या, सोमीच्या, रोजच्या अंड्यात गेली दोन वर्षं तो विटकरी निघायचा. अंडं तसंच हातात घेऊन ती तडक अंगणवाडीत गेली.

"कुंदाताई, तुम्ही दिलेली कोंबडी आजारी पडली. बदलून द्या."

कुंदाताईंनी अंडं निरखून पाहिलं. "दाणे कोण भरवतं तिला?"

"सोमीच. तळहातावर, हात न धुता, तुम्ही सांगितलं तसंच. कोंबडी आधी तिचा घाम चाखते, मग दाणे टिपते."

"मग कोंबडी ठणठणीत आहे," कुंदाताई हसल्या. "भरवणाऱ्याच्या अंगात जे कमी, तेच ती अंड्यात जास्तीचं घालते. सोमीला लोह कमी होतं, म्हणून बलक विटकरी यायचा. आता पोरीला काही कमीच नाही, तर ती बिचारी घालणार काय?"

बुधीने अर्धं अंडं सोमीसाठी पानात गुंडाळलं, उरलेलं अर्धं तळहातावर उघडं धरलं, आणि जवळची वाट सोडून पाड्यातल्या प्रत्येक दारासमोर थांबत घरी निघाली.