रोज नवा पासवर्ड

ब्याण्णव साली परभणीच्या कचेरीत संगणक आला आणि जिंतूरच्या शाखेला फोनच्या तारेवरून त्यात शिरता येऊ लागलं, तसा तो संगणक सांभाळणाऱ्या चंद्रभानरावांच्या जिवाला घोर लागला. ते रोज सकाळी पासवर्ड बदलत. कागदावर लिहीत नसत, बायकोलाही सांगत नसत. फक्त जिंतूरच्या कारकुनाला ट्रंक कॉलवर कळवत. लाइन लय खरखरायची, म्हणून घसा ताणून, चार-चारदा. आत कोण केव्हा शिरलं, तेही रोज जातीनं तपासत.

औरंगाबादहून तपासणीला आलेले साहेब बेहद्द खूश झाले. "वा! मुंगीसुद्धा आत शिरायची नाही. जरा उघडून दाखवा."

'कापूस नऊ, कापूस नऊ' असं पुटपुटत चंद्रभानरावांनी ऐटीत बोटं चालवली. यंत्र उघडेना. पुन्हा चालवली, पुन्हा तेच. आता तिसऱ्यांदा चुकलं की दिवसभर कुलूप! त्यांना दरदरून घाम फुटला.

रस्त्यापलीकडच्या टपरीवरून चहा घेऊन आलेली बायनाबाई कप ठेवता ठेवता सहज म्हणाली,



"नऊ कालचा, सायेब. आज सात हाय."