घरातली कुजबुज

दार वाजायच्या आधीच बायको उठून गेली, तेव्हा त्याची खात्रीच पटली. कुठेतरी पाणी मुरत होतं.

हे काही आजचं नव्हतं. बाई जेवता जेवता मध्येच उठायची, दार उघडायची आणि दारात कुणी ना कुणी उभं असायचंच. आज लेक होती, काल वरच्या मजल्यावरची शेजारीण. उद्या कोण असेल? कुणाची वाट बघत असल्याशिवाय माणूस असा दारावर डोळा ठेवून बसतो का?

“तुला आधीच कसं कळतं गं?” त्याने विचारलं.

“कळतं,” ती म्हणाली आणि ताट पुढे ओढलं. लेकीने तिच्याकडे पाहिलं. मग दोघींची कुजबुज सुरू झाली. हल्ली या घरात कुजबुजच फार.

तो छापखान्यात मशीनमन होता. उभी हयात मशीनच्या धडधडीत गेलेली. तिथे कुणाचं बोलणं कुणाला ऐकू जात नसे. सगळे एकमेकांच्या ओठांकडे बघून काम भागवत. घरी आलं की मात्र पूर्वी गजबज असायची. बायको स्वयंपाकघरातूनच ओरडायची, “अहो, आधी हात धुवा, शाईचे हात लावू नका कशाला!” ती एका मोठ्या कागद कंपनीत टेलिफोनवर बसे. कागद वेळेवर आला नाही म्हणून याने एकदा तिथे फोन केला होता आणि पलीकडचा आवाज ऐकून तक्रारच विसरला होता. लग्न त्या आवाजाशीच केलं म्हणा ना.

आणि तीच बाई आता, पंचेचाळिशी उलटल्यावर, पक्की नोकरी सोडून कॉलेजात जायला लागली होती! खांद्याला पिशवी लावून, पोरासोरांच्या बाकावर!

“कसला कोर्स म्हणालीस?”

“शिक्षकांचा.”

“या वयात? आणि शिकवणार कुणाला?”

“मिळेल की एखादा विद्यार्थी. एक मिळाला तरी पुरे.”

आता हे काय उत्तर झालं?

आठवून पाहिलं की सगळं त्या तपासणीशी जाऊन पोचायचं. छापखान्याने सगळ्यांना डॉक्टरकडे धाडलं होतं. डॉक्टर कसला, नुकतंच मिसरूड फुटलेला पोरगा, तोंडातल्या तोंडात पुटपुटणारा. याच्याशी कमी आणि सोबत आलेल्या बायकोशीच जास्त बोलत बसला. हा तडक उठून घरी आला. नंतर तिने त्या डॉक्टरचा विषय काढला, तेव्हा याने असा आवाज चढवला की पुन्हा काढायची तिची छाती झाली नाही. महिन्याभरात तिने राजीनामा दिला.

तेव्हापासून तिचा फोन वाजेनासा झाला. टेबलावर नुसता उजळायचा आणि ती लगबगीने उचलून बाल्कनीत जायची. लपवायचं काही नसेल तर कोण फोन मुका करून ठेवतो?

वर वागणं कसं, तर लाघवी. बोलायच्या आधी खांद्यावर हात ठेवायची, समोर येऊन बसायची, एकेक शब्द सुटा करून बोलायची. अपराधी माणूस असाच गोड होतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

एकदा ती आरशासमोर बसली होती. हा आत आला तसे तिने झटकन हात मांडीखाली घातले.

“काय लपवलंस?”

तिने दोन्ही मुठी उघडून दाखवल्या. काहीच नव्हतं. त्याने मांडी बघितली, जमीन बघितली, पलंगाखाली वाकून बघितलं. लाज वाटली, पण बघितलं.

सगळ्यात वाईट म्हणजे तिचा तो आवाज. तोही बदलला होता. विझल्यासारखा, लांबून आल्यासारखा. बाईचं मन उडालं की आवाजही उडत असेल, असं वाटून त्याला भडभडून यायचं. ती आपल्याला सोडून जाणार. आज ना उद्या, पण जाणार.

शेवटची काडी टाकली बाइंडरने. चहाच्या वेळी समोर येऊन बसला. “मला काय करायचंय म्हणा, पण काल वहिनी दिसल्या. कॉलेजच्या पायऱ्यांवर. बरोबर एक तरणाबांड मास्तर. काय हसत होते दोघं!”

त्याने मशीन बंद केलं आणि शाईच्या हातांनीच निघाला.

कॉलेजच्या लांबलचक व्हरांड्यात चिटपाखरू नव्हतं. शेवटच्या खोलीच्या दाराला मोठी काच होती. आत दहा-बारा जण गोल बसलेले, मधोमध त्याची बायको. आणि तो मास्तर तिचा हात हातात घेऊन तिची बोटं एकेक करून दुमडत होता! सगळ्यांच्या देखत!

त्याने दार ढकललं आणि आत घुसला. “सोड तिचा हात!”

मास्तरने हात सोडला. कुणी हूं की चूं केलं नाही.

“आता का तोंडं शिवलीत? बोला ना!”

एवढ्यात सगळा वर्ग एकदम दचकला. एका मुलीने कानांवर हात ठेवले. सगळे त्याच्या मागे कुठेतरी बघायला लागले. याने काही मागे वळून पाहिलं नाही. आपल्यालाच भ्यालेत, म्हणून त्याला जरा बरंच वाटलं.

बायको उठली. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. तिने नेहमीसारखा त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली बोट दाखवलं.

त्याच्या चपलांभोवती काचेचे तुकडे विखुरले होते. मागे आपटलेल्या दाराची नुसती चौकट उरली होती.

“ही कधी फुटली?” त्याने विचारलं.

मग त्याला भिंतीवरची चित्रं दिसली. सगळीकडे नुसते हात. मिटलेले, उघडलेले, बोटं दुमडलेले.

तिने उत्तर दिलं. तोंडाने नाही, त्याच्यापासून इतके दिवस लपवलेल्या त्या दोन्ही हातांनी, सावकाश, आपल्या पहिल्या विद्यार्थ्याला.