दोन सीटची गाडी

"पप्पा, ही स्पोर्ट्स कार तुम्ही कधी साठच्या वर पळवलीत का हो?"

मैत्रिणींनी पैजच लावली होती, म्हणून क्षितिजाने विरारच्या टायरवाल्यासमोरच विचारून टाकलं. जुन्या गाडीला वेगात पळण्यासाठी लागणारे भारी टायर परवडत नव्हते आणि पप्पा गाडीच विकायच्या गोष्टी करत होते.

ते ओशाळले. "कशी पळवणार? सीट दोनच, आणि तू लहानपणापासून कायम आईच्या मांडीवर."

"चाळीस झाले की मीच ओरडायचे," शेजारी उभी असलेली आई हसली.

"मग साहेब, याच मापाचे साधे टायर झकास चालतील," टायरवाला म्हणाला.

क्षितिजाने ऐटीत जाहीर केलं, "ठरलं! साधे टायर बसवायचे, गाडी विकायची नाही. मी रिक्षाने घरी जाते. तुम्ही दोघं एकदा माझ्याशिवाय अर्नाळ्याच्या समुद्रावर जाऊन या!"